आप्पांच्या जुन्या फाईली

किस्से आणि जुन्या फाईली सारख्याच. कधी साठतात ते कळत नाही आणि पुसायला मन होत नाही. मी रोज डायरी लिहितो, त्यामुळे माझ्याकडे किस्से जरा जास्तच साठलेत. हे आमच्या ऑफिसातल्या साफसफाईचे.

धाराशिवात खताच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस आहे. एका विमा कंपनीचं मेनफ्रेम, म्हणजे सगळ्या पॉलिस्या सांभाळणारा भला थोरला संगणक, आम्ही इथून बघतो. मशीन मुंबईत, आम्ही इथं. त्याची डिस्क जुन्या फाईलींनी भरत चालली. कंपनीचा निरोप आला, मार्चच्या आत साफसफाई आपोआप व्हायला हवी, नाहीतर हे काम पुण्याला जाईल. म्हणजे आम्ही खाली खत विकायला मोकळे!

*

आमच्या शबाना मॅडमनी प्रोग्राम लिहिला. तो फाईलीच्या मालकाला आधी विचारायचा, "पुसू का?" सगळ्यांचं उत्तर एकच, "राहू द्या."

सगळ्यात जास्त फाईली आप्पांच्या. आप्पा आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ.

"आप्पा, ही तर रिकामी हाय. आत एक ओळ न्हाय," शबाना मॅडम म्हणाल्या.

"मग ती जागा कितीशी खाती? राहू दे की!"

*

आप्पांच्या एका फाईलीचं नावच होतं 'पुसूनका'. एवढ्या वर्षांत तिला कुणी बोट लावलं नव्हतं. शेवटी त्यांच्याच परवानगीनं उघडली. आत आप्पांनीच लिहिलेली एक ओळ होती, 'दर सोमवारी जुन्या फाईली पुसणे.'

आप्पा चष्मा पुसत म्हणाले, "बघा, विचार तवापासूनच चाललाय."

*

मग चाचणीचा दिवस ठरला. मी सर्वांना आधी कळवलं. चूक तिथंच झाली. काही गेलंच तर हाताशी असावं म्हणून प्रत्येकानं आपापल्या फाईलींची एकेक कॉपी काढून ठेवली!

झाडू मारायच्या आधीच घर दुप्पट भरलं. मुंबईहून फोन आला, "तुम्ही नक्की साफच करताय ना?"

*

त्यानंतर मॅडमनी त्या सगळ्या कॉपी काढून टाकल्या आणि विचारणंच बंद केलं. नवा नियम असा की, वर्षभर जी फाईल कुणी उघडली नाही, ती आपोआप जाणार. नियम चालला. मार्चच्या आत डिस्क मोकळी झाली आणि काम धाराशिवातच राहिलं.

आप्पांची मात्र एकही फाईल गेली नाही. कारण दर सोमवारी चहाचा कप घेऊन आप्पा बसायचे आणि एकेक फाईल उघडून लगेच बंद करायचे.

"आप्पा, वाचता तरी का?" मी विचारलं.

"वाचायला कशाला पायजे? उघडली की तिला कळतंय, मालक जिता हाय!"

मॅडम हसल्या. जागा पुरेशी झाली होती. त्यांनी आप्पांच्या सोमवाराकडे काणाडोळा केला.

*

पुढं आप्पा रिटायर झाले आणि बेंबळीला आपल्या घरी गेले. दिवाळीच्या आधी मी आणि मॅडम भेटायला गेलो. अंगणात पितळेची भांडी घासायला काढलेली, काकू पदर खोचून उभ्या.

"तुमच्या हापिसातला नियम मला लई आवडला बघा," काकू म्हणाल्या. "ह्यांनीच सांगितला. वर्षभर ज्याला हात लागला न्हाय, ते सगळं भंगारात. दुपारी भंगारवाला येतोय."

"आणि आप्पा कुठं आहेत?"

"माळ्यावर. सकाळपासनं खाली उतरंनात. चहासुदिक वरच मागवला."

मी शिडी चढून डोकावलो. बंद पडलेला रेडिओ, पात्याविना पंखा, चाक निघालेली सायकल, आणि मधोमध टॉर्च घेऊन आप्पा. शेजारी चहाचा कप.

"आप्पा, काय चाललंय?"

आप्पांनी आधी खाली कानोसा घेतला. मग पंख्यावर तळवा टेकवला, उचलला आणि रेडिओकडे सरकले.

"काय न्हाय," ते हळूच म्हणाले. "एकेकाला हात लावून ठेवतोय."