कार्डावरचा माणूस आणि माझा टोप

तंबाखूची जुनी चित्रं जमवण्याचा नाद मला आहे, आणि शहाद्याच्या एका सरांनाही. माझ्याकडे सगळा फुटकळ माल, विडीबंडलांची लेबलं आणि पुड्यांचे कागद. त्यांच्याकडे मात्र विलायती सिगारेटच्या पाकिटातून निघालेलं एक जुनं कार्ड आहे. त्या कार्डापायी माझा नुसता जळफळाट होतो.

कार्डावर आमचा माणूस आहे, सातपुड्यातला. मोरपिसांचा उंच टोप, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला सुके भोपळे. हा आमचा होळीचा वेष. नवस असलेला पुरुष तेवढ्या दिवसांपुरता तो चढवतो आणि पाळणी पाळतो, म्हणजे अंघोळ नाही, खाट नाही, पायात चप्पल नाही. चित्रकाराने मात्र त्याच्या हातात भाला देऊन डोळे वटारायला लावलेत. खाली इंग्रजीत ‘रानटी शिकारी’ असं छापलंय. मागे तर लिहिलंय की भोपळ्यांत विष असतं. अरे, बिया असतात त्यात, वाळलेल्या.

राग यायला हवा. येतोही, पण हेवा त्याहून जास्त. आमचा माणूस, आणि मिरवायचा यांनी?

यंदा होळीनंतर सरांनीच अदलाबदल सुचवली. होळीत मी घालतो तो टोप द्यायचा आणि कार्ड घ्यायचं. टोप माझ्या आजोबांचा. तरी मी लगेच हो म्हणालो आणि तो पिशवीत घालून अक्कलकुव्याहून एसटीने शहादा गाठलं.

सरांनी चहाचंही न विचारता टोप डोक्यावर चढवला, पडद्याची काठी भाल्यासारखी धरली, डोळे वटारले आणि मोबाईल माझ्याकडे दिला.

“काढ फोटो. मी बी रानटी दिखी ऱ्हायनू ना?”

मोबाईलमध्ये हुबेहूब ते कार्ड दिसत होतं. शिवाय टोप त्यांना शोभतही होता, आणि तेच मला सहन झालं नाही. त्याच्यासाठी मी अनवाणी फिरलो, जमिनीवर झोपलो. यांना नुसता हात वर करावा लागला. मी पुढे होऊन टोप काढून घेतला.

“आधी पाळणी पाळा, मग घाला.”

ते हसले. कार्ड टेबलावरच राहिलं.

आता त्यांनी ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. चहाला बोलावत असतात. मी जात नाही. गेलो तर टोप घेऊनच जाईन, आणि येताना हातात कार्ड असेल.