ताईने मोडलेला माझा विक्रम

ताईच्या तेराव्याला तिची नात मोबाईलवर खेळत होती. त्या आवाजाने मला राजारामपुरीतलं व्हिडिओ गेमचं दुकान आठवलं. तापलेल्या यंत्रांचा वास, आत सगळे मुलगेच.

ताई रोज मला बोलवायला येई आणि दारातूनच खेळ बघे. एकदा ती आत आली, खेळली आणि माझा महिनाभराचा विक्रम पहिल्याच डावात मोडला. मी हेव्याने जळालो.

पडद्यावर विजेत्याचं नाव घालायचं होतं. मालक म्हणाला, “पोरीचं नाव नगं की! भावाचं घाल.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिलो. तिने माझं नाव घातलं.

घरी आईला म्हणाली, “आज बाळूनं पहिला नंबर काढला.” बोलताना तिचा आवाज जराही कडवट नव्हता. विक्रमापेक्षा मला आज त्याचाच हेवा वाटतो.