बाबली डाव्या कुशीवर वळला तेव्हा

...तर नाकाला लावलेलं ते पायताण बाबलीचं नव्हतंच, एवढंच काल सांगायचं राहिलं होतं.

बाबली वीजखात्यात लाइनमन. त्याच्या पायात खात्याचे रबरी बूट. आणि फेफरं आलेल्या माणसाच्या नाकाला लावायची चप्पल म्हणजे चामड्याचीच हवी, रबराची चालत नाही, असा निवाडा प्रथमेशच्या पसऱ्यावर, म्हणजे किराणा दुकानावर, बसलेल्या जाणत्यांनी जागच्या जागी दिला. पेडण्याचा आठवड्याचा बाजार होता. बाबली दुकानासमोर आडवा, हातपाय झटकतोय, तोंडाला फेस, आणि सगळा बाजार एकमेकांच्या पायांकडे बघतोय. जो तो प्लास्टिकवाला. शेवटी सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घ्यायला आलेला पणजीचा कोणी बँकसाहेब सापडला. त्याला काय चाललंय ते कळायच्या आत त्याचा उजवा बूट निघाला. बिचारा एका पायावर उभा, हातात सुंगटांची पिशवी.

मग बूट आला, पाठोपाठ कांदा आला, कोणी किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबला. एकाने दातखीळ सोडवायला चमचा घातला. दातखीळ काही सुटली नाही, पुढचा अर्धा दात मात्र सुटला. एवढं होईपर्यंत दोनेक मिनिटं गेली आणि झटका आपला आपण थांबला, जसा तो बहुतेक वेळा थांबतोच. पण श्रेय बुटाला. बँकसाहेब पणजीला गेला तो एका माणसाचा जीव वाचवून गेला. अजूनही सांगत असेल.

बाबलीची बायको शालिनी, माहेर बांद्याकडलं. ती धावत आली तेव्हा नवरा दुकानाच्या पायरीवर बसून विचारत होता, "माजो दात खंय?"

तिने त्याला थेट बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोक्याला तारा लावल्या, कागदावर नागमोडी रेघा काढल्या आणि सोप्या भाषेत सांगू लागल्या, की आपल्या मेंदूत वीज असते, ती शिस्तीत वाहते, कधीकधी एकदम भलत्याच जोरात...

"फीडर ट्रिप जाता," बाबली म्हणाला, म्हणजे भार वाढला की अख्खी लाइनच बंद पडते.

डॉक्टरीणबाई थांबल्या. इतकी वर्षं त्या हे समजावत होत्या, पण रोग्याने त्यांनाच समजावून सांगायची ही पहिली वेळ. गोळी म्हणजे फ्यूज, हेही त्यानेच सांगितलं. मग त्यांनी नियम सांगितले. सकाळी आठ, रात्री आठ, गोळी चुकवायची नाही, मनाने बंद करायची नाही, जागरण नाही, एकट्याने नदीत उतरायचं नाही, मोटरसायकल नाही. "आणि खांबावर चढायचं नाही." हा शेवटचा नियम ऐकून बाबलीचा चेहरा असा उतरला, की तिथल्या नर्सबाईला वाटलं पुन्हा झटका येतोय. त्या निमित्ताने तिने शालिनीला शिकवून टाकलं. तोंडात काही घालायचं नाही, धरून ठेवायचं नाही, घड्याळ बघायचं, एका कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांवर गेलं तर गाडी बोलवायची.

"खंयच्या कुशीर?" शालिनीने विचारलं.

"डावी बरी," नर्सबाई म्हणाली. तिला काय ठाऊक तिने गावच्या इतिहासात केवढा हात घातला!

खात्याने बाबलीला खाली उतरवून तक्रारींच्या फोनवर बसवलं. वीस वर्षं जो माणूस खांबावरून साऱ्या पेडण्याचं छप्पर बघत होता, तो आता खिडकीतून मागची मोरी बघू लागला. बाजारात त्याचं नावही बदललं. 'लाइनमन बाबली'चा 'फीटवालो बाबली' झाला. प्रथमेश त्याला उभ्याने सामान देईना. आधी स्टूल पुढे करायचा, मग साखर.

पण एक खांब बाबलीकडे उरला होता, तो देवीचा.

गावच्या सातेरीचं तरंग दसऱ्याला निघतं. उंच लाकडी खांब, त्याला लुगडी गुंडाळलेली, वर छत्री. तो उचलायचा मान बाबलीच्या घराण्याचा. आजा, मग बाप, मग तो. ढोल वाजायला लागले की तरंग धरणाऱ्यावर देवीचा अवसर येतो, म्हणजे देवी त्याच्या अंगात येते आणि गाव तिला प्रश्न विचारतो. बाबलीच्या बापावर जोरदार येत असे. बाबलीवर आपला बेताचाच. थोडा थरथरायचा, "सगळं बरं होतलं" म्हणायचा, लोक नारळ ठेवून घरी जायचे.

त्या वर्षी दसरा आला तो पसऱ्यावरच्या प्रसंगानंतर दोन महिन्यांनी. बाबलीने नवरात्राचे नऊ दिवस उपास धरला आणि उपासाला गोळी चालते की नाही याचा स्वतःच विचार केला. कोणाला विचारलं असतं तर! त्याने ठरवलं, चालत नाही. साबुदाणा चालतो, शेंगदाणा चालतो, वरीचे तांदूळ चालतात, औषधाची गोळी चालत नाही. शालिनी विचारायची तेव्हा "घेतली" म्हणायचा आणि गोळी तुळशीत. तुळस त्या वर्षी काय माजली होती!

दसऱ्याच्या दुपारी तरंग उचललं, ढोल लागले आणि बाबली खांबासकट कोसळला. खांब लोकांनी वरच्या वर धरला, बाबलीला कोणी धरलं नाही, कारण देवीला धरायचं कसं? हातपाय झटकले, डोळे फिरले, फेस आला. सगळं पसऱ्यासमोर झालं तसंच. माणूसही तोच. पण तिथे बूट आला होता, इथे फुलं आली. तिथे कांदा, इथे उदबत्ती. बायकांनी पदर पसरले. लोक पुटपुटू लागले, "बापाचो अवसर इलो! बापापेक्षा जोराचो!"

गावकारांत, म्हणजे गावच्या मानकऱ्यांत, वडील असलेले दत्तारामकाका पुढे झाले आणि त्यांनी हात जोडून गावाचा अडलेला प्रश्न घातला. "आये, देवळासमोरचा वड तोडून गाड्यांना जागा करायची, की नको?"

तेवढ्यात शालिनी गर्दी फोडून आत घुसली. घड्याळ बघितलं, नवऱ्याला खांद्याला धरलं आणि डाव्या कुशीवर वळवलं.

सगळं देऊळ त्या कुशीकडे बघत राहिलं.

आता आपल्याकडे कौल म्हणजे काय ते सांगायला नको. मूर्तीला फुलं लावायची, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नको. आणि इथे फूल नव्हे, देवी स्वतः डावीकडे वळली होती.

"नको म्हणता!" दत्तारामकाका ओरडले. "वड तोडूचो नाय!"

"अवसर नाय तो, फीट आसा ती!" शालिनी बोंबलत होती. "उपासाक गोळी सोडल्यान म्हणान झाली!" पण ढोल वाजत होते. आणि नवऱ्याच्या अंगातल्या देवीबद्दल असं बोलणारी बायको म्हणजे... जाऊ दे. बांद्याकडची, असं म्हणून लोकांनी माफ केलं.

वड राहिला. पुढच्या पावसात, हा वड तोडणार होता त्याच कंत्राटदाराने पलीकडच्या गावात झाडं तोडून गाड्यांसाठी जागा केली, तर तिथल्या देवळात गुडघाभर पाणी शिरलं. मग काय विचारता! बाबलीला बाजारात फीटवाला म्हणायचं कोणाचं धाडस होईना. प्रथमेशने स्टुलावर उशी घातली.

शालिनीने मात्र त्या दिवसापासून गोळी आपल्या हाताने द्यायला सुरुवात केली, आणि तोंड उघडून दाखवायला लावायची. आधी बाबली पोदेराच्या भोंग्यावर गोळी घ्यायचा, पाववाल्याची सायकल वाजली की गोळी. मग नाताळात पोदेर तीन दिवस आलाच नाही, तेव्हापासून भिंतीवरचं घड्याळ.

आणि तीन वर्षं झटका नाही. एकही नाही.

डॉक्टरीणबाई खूश. तरंग उचलायलाही त्या हो म्हणाल्या, दोन माणसं दोन बाजूंना हवीत एवढंच. शालिनी खूश. गाव सोडून सगळे खूश. कारण देवी बोलेना! पहिल्या दसऱ्याला बाबली थरथरला आणि "सगळं बरं होतलं" म्हणाला, दुसऱ्या दसऱ्यालाही तेच. ज्यांनी ते कोसळणं पाहिलं होतं त्यांना हे आता कसं पुरणार?

यंदा तर प्रश्न मोठा. देवळाची मंगलोरी कौलं काढून वर स्लॅब घालायचा की नाही. अर्धा गाव इकडे, अर्धा तिकडे. स्लॅबवाल्यांचे पुढारी स्वतः दत्तारामकाका. घटस्थापनेच्या सकाळी ते नारळ घेऊन बाबलीच्या घरी आले. शालिनी पाणी भरायला गेली होती, हे पाहूनच आले असावेत.

चहा झाला. काकांनी खिशातून डबी काढली, आपली प्रेशरची गोळी चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर घेतली आणि मिशा पुसल्या.

"बाबल्या, तुजी बायल त्या दिवसा काय ओरडत होती, आठवता? उपासाक गोळी सोडल्यान म्हणान."

 तीन वर्षांपूर्वी भर ढोलांत कोणाला ऐकू गेलं नव्हतं, ते आता काकांना ऐकू आलं होतं.

"आठ दीस सोड. गावासाठी. गोळयेन देवीची वाट अडवल्यान मरे."

"डॉक्टरीण नको म्हणता, काका."

"डॉक्टरीण खांब उचलता की तू? नायतर यंदा साईशाक दिवया खांब. तो जवान आसा." साईश म्हणजे बाबलीचा चुलतभाऊ. व्यायामशाळेत जाणारा, गळ्यात साखळी. बाबली खांब धरायचा तेव्हा तो गेली दहा वर्षं बाजूला उभा राहून हात चोळत होता.

काका गेले. बाबली बसून राहिला. विजेचा खांब गेला, आता हाही जाणार. आणि खरं सांगायचं तर मनाच्या कोपऱ्यात दुसरंही काही होतं. ज्या झटक्याने त्याची मोटरसायकल नेली, नोकरी खिडकीशी बसवली, अर्धा दात नेला, त्याच झटक्याने त्याला एका दुपारी देवी केलं होतं. नुकसान करणाऱ्याने एवढी एकच भरपाई दिली होती. ती कोण सहजी परत करतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शालिनीच्या हातातली गोळी त्याने तोंडात घातली, तोंड उघडून दाखवलं आणि जिभेखाली ठेवलेली गोळी रस्त्यावर येऊन काढून शर्टाच्या खिशात टाकली.

अकराच्या सुमाराला कचेरीत केरीहून फोन आला. यशोदा नावाची बाई, समुद्राकडे खोल्या भाड्याने देणारी. "लाइट गेली हो. आख्ख्या वाड्याची गेली!"

"आमच्या बाजूने सगळं ठीक दिसतंय. तुमच्याकडे काही केलंत?"

"काय करणार? तो फ्यूज सारखा उडायचा. पाहुणे कटकट करतात. म्हणून काढून टाकला आणि जाड तार घातली. मग दोन दिवस छान चाललं."

झालं. वीस वर्षं ज्या गोष्टीवर बाबली खांबावरून शिव्या घालत आला, तीच. त्याने रिसीव्हर घट्ट धरला आणि सुरू केलं. "बाई, अक्कल आसा की नाय? फ्यूज उडता म्हणान घर ऱ्हवता! दोन दीस छान चलला म्हणता? जाड तार घालून सगळ्यांचा दोन दीस छानच चलता! मागीर वाडो जळता! तुका फ्यूज काढूक सांगितल्यान कोणी? पाहुण्यांनी? ते उद्या जातले, घर तुजा जळतला!"

आणि मग तो एकाएकी गप्प झाला. पलीकडून यशोदाबाई "हॅलो, हॅलो" करत राहिली. बाबलीने खिशात हात घातला. गोळी ओलसर, तंबाखूचे दोन कण चिकटलेली. पुसली आणि कचेरीतल्या माठाच्या पाण्याबरोबर गिळली. संध्याकाळी त्याने शालिनीला सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं, रात्री आठला गोळी दिली आणि तोंड उघडायला लावून टॉर्च मारून जिभेखाली बघितलं. ते बघणं अजून चालू आहे.

दसरा उजाडला. देवळात मावत नव्हते इतके लोक. स्लॅबवाले उजवीकडे, कौलवाले डावीकडे, आणि मधे शालिनी मनगटावर घड्याळ बांधून, कारण यंदा तिला कुठे उभं राहू द्यायचं यावरूनही दोन्ही बाजूंत बाचाबाची झाली होती. उजव्या कुशीवर वळवणार की डाव्या, याची दोन्ही पक्षांना काळजी! साईश नवं धोतर नेसून, साखळी आत घालून तयार.

बाबली खांबाजवळ आला. ढोलवाल्याने काठी उचलली. तेवढ्यात दत्तारामकाकांनी हात वर करून ढोल थांबवला आणि सगळ्या गावादेखत विचारलं, "बाबल्या, देवीपुढे खरा सांग. आठ दीस गोळी सोडलंस की नाय? सोडूक नाय तर खांब साईशाक दी."

बाबली म्हणाला, "सकाळी आठाक घेतली. काल रातीकय घेतलंय."

 काकांनी साईशला खूण केली, तो पुढे सरकलाही. खांब पाच पावलांवर होता. आणि मग बाबलीने काकांना आणखी दोन वाक्यं सुनावली. त्यांवर आधी कौलवाले हसले, मग स्लॅबवाले, मग गाभाऱ्यातला भटजी, आणि शेवटी साईशने स्वतःच बाजूला होऊन खांबाचं दुसरं अंग धरलं. खांब आजही बाबलीच्याच खांद्यावर आहे, देवळाची कौलं जागच्या जागी आहेत, आणि गावचे अडलेले प्रश्न आता ग्रामसभेत हात वर करून सुटतात किंवा सुटत नाहीत.

बाबली बोलला ते शब्द न शब्द असं:

"काकानू, आधी तुमची प्रेशराची गोळी तुमी आठ दीस बंद ठेवा. तुमी पडलास काय मी बूट हाडूचंय नाय, शालिनीक सांगान तुमका कुशीर घालतंय, उजव्या कुशीर. स्लॅब तुमकाच होयो मा?"