हलीमाबी आणि पैजेचं जेवण

हलीमाबीच्या रागाला अख्खा मोहल्ला बिचकून असे. अमरावतीत ती तात वळायची. बकऱ्याचं आतडं धुवायचं, आतला बुळबुळीत थर खरवडायचा, उरलेल्या चिवट नळीला पीळ देऊन वाळवायचं. तीच तात कापूस पिंजायच्या धनुकलीला लागते. तिचा नवरा अब्दुल गफ्फार पिंजारीच होता. पण अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून वऱ्हाडचा सगळा कापूस चढ्या भावानं मुंबईला जाऊ लागला, आणि पिंजायला रुईच उरली नाही. गफ्फार बाजारात गठ्ठे उचलू लागला.

तिथे त्याची भूक नावाजली. कापसाच्या पैशानं फुगलेले मालदार त्याला बोलावून पैजेवर जेवू घालत.

"तुयी भूक त्यायले तमाशा हाय," हलीमाबी ओरडायची.

तो नुसता हसायचा.

नांदगाव पेठच्या रामराव पाटलांनी नातवाच्या बारशाला जरीचं पागोटं पैजेला ठेवलं. अंगणात गफ्फारचं वेगळं पान मांडलं. तो पुरणपोळ्या खात गेला, वर तूप प्यायला, मग बुंदी. लोक टाळ्या पिटत होते. दुपारी बैलगाडीतून त्याला घरी आणलं तेव्हा डोक्यावर पागोटं होतं आणि पोट नगाऱ्यासारखं ताठ. ढेकर येईना, उलटी होईना.

शेजारी एरंडेल घेऊन पोट रगडायला बसले.

"हात काढा!" हलीमाबी कडाडली. "तट्ट भरलेलं दाबलं का फाटते!"

तिनं त्याला कुशीवर वळवलं, पोटाला कान लावला. खाटकाकडून आलेलं ताजं आतडं टोपलीतसुद्धा काही वेळ अळीसारखं वळवळतं, हे तिनं किती वेळा पाहिलं होतं. घास पुढे ढकलत राहणं हेच त्याचं काम. जित्या माणसाच्या पोटात म्हणून सतत गुरगुर चालते. गफ्फारच्या पोटात काहीच हलत नव्हतं.

"बकऱ्याले अल्लानं पोटाचे चार कोठे देल्ले, तुले एकच! त्याचं खालचं तोंड चिमटीएवढं. थोडं थोडंच उतरते त्यातून. काहून कोंबलं मग?" ती रडत नव्हती, शिव्या देत होती.

दिवस मावळताना, मगरिबच्या अजानीला पोटात गुडगुडलं. मग भडाभडा उलटी झाली, पुन्हा झाली. तो वाचला.

सकाळी ती पागोटं घेऊन पायी नांदगाव पेठला गेली. रामराव गोठ्यात बैलाला सरकी चारत होते.

"काय हलीमाबी, जित्ता हाय ना तुया पहिलवान?"

"पाटील, या बैलाले पोट फुटेस्तोवर चाराल काय?"

"बैल घरचा हाय."

"अन् माह्या माणूस रस्त्यावरचा काय?" तिनं पागोटं शेणात फेकलं. पाटील अंगावर धावून आले. ती जागची हलली नाही, तेव्हा तेच थांबले. मग ती निघाली.

पाटलांना काही फरक पडला नाही. पुढच्या जेवणावळीला त्यांनी बडनेऱ्याचा दुसरा खाणारा आणला. गफ्फार महिनाभर ज्वारीच्या पेजेवर राहिला. पुढेही भाकर जरा जास्त झाली की पोटात कळ यायची. लढाई संपली, भाव कोसळले, पैजा आपोआप थांबल्या. तो पुन्हा पिंजायला बसला. हलीमाबी मात्र त्या बारशानंतर वर्षभर त्याच्याशी धड बोलली नव्हती.