चुनखडीच्या कपारीतलं लांबडं

आधीच सांगते मंडळी, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. लग्न होऊन भाईंदरला आले ती बी.एस्सी.ची पिपाणी वाजवतच! सासूबाई इथल्याच, मिठागरवाल्या घरातल्या. त्या सापाला साप म्हणायच्या नाहीत. "नाव घेतलं का येतंय गो, लांबडं बोल." मी मुद्दाम अंगणात उभी राहून "साप, साप, साप!" ओरडायचे... काय ते दिवे पाजळणं! साप आला नाही, शेजारी मात्र काठ्या घेऊन धावले. तरी हट्टाने 'लांबडं' कधी म्हटलं नाही ते नाहीच.

आता मुद्द्याचं. माझी नात मुक्ता सापांवर पीएचडी करतेय. चंद्रपूरकडच्या एका चुनखडीच्या टेकडीवर तिला कात सापडली — ओळखीच्या कुठल्याच सापाशी न जुळणारी. पण नुसत्या कातेवर नवी जात ठरत नाही, जिवंत साप हवा. आणि दुसऱ्या दिवसापासून खाणीसाठी टेकडीला सुरुंग लागणार होते.

त्या दुपारी मी इकडे शांती नगरच्या घरी वाल सोलत होते. जेवली का, विचारायला व्हिडिओ कॉल लावला.

"आजी, आत्ता नको ना प्लीज! शेवटची कपार राहिलीय."

"कर तू काम. मी बोलत नाही."

तिने फोन दगडाला टेकवला. कपार इतकी अरुंद की दुसरं माणूस मावणार नाही. तिने पहार लावली, दगड हलायला लागला... आणि स्पष्ट आवाज आला —

"थांब गो पोरी. खाली लांबडं हाय."

"हो आजी," म्हणत मुक्ता थांबली. मला वाटलं, तिथलीच कोणी बाई बोलली. मुक्ताने टॉर्च मारला. दगडाच्या कडेखाली करंगळीएवढा, राखाडी, गळ्याशी पांढरा पट्टा असलेला साप! दगड जरा सरकता तर चिरडलाच असता.

तो नीट पिशवीत घालून ती बाहेर आली. रडतेय की हसतेय कळेना. "आजी, तुला फोनवरून दिसला कसा गं?"

"मी कुठे बोलले? तुझ्याबरोबरची ती बाई..."

"कोण बाई? इथे मी आणि माझ्या लॅबमधला समीर, तो पण खाली गाडीपाशी." मग तिने फोन डोळ्यांजवळ आणला. "आणि आजी... तू तर लांबडं म्हणतच नाहीस."

तसं म्हणणारं आमच्या घरात एकच माणूस होतं. सासूबाई गेल्या तेव्हा मुक्ताचा जन्मही झाला नव्हता.

तिच्या डोक्याला कॅमेरा होता. ते रेकॉर्डिंग आम्ही दोघींनी पुन्हा पुन्हा ऐकलं. पहारीची खरखर आहे, तिचं "हो आजी" आहे. त्याच्या आधी... काहीच नाही.

जात नवीच निघाली. सुरुंग सध्या थांबवलेत, कायमचे की कसे, कोण जाणे. तिच्या संशोधनाच्या पेपरमध्ये साप कसा सापडला तेही लिहावं लागतं म्हणे.

"काय लिहू गं?" मुक्ताने विचारलं.

"लिही, दगड हलवताना दिसला."

"पण मी दगड हलवायची थांबले, म्हणून दिसला ना!"