वापर झाल्यावर झाकावे

आमच्या घरात कोणतीही वस्तू लवकर मरत नाही. मिक्सर एकोणीस वर्षांचा आहे, इस्त्री त्याहून थोरली. याचं श्रेय मी लिहिलेल्या पाट्यांना. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं माल पास-नापास करण्यात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले आणि मी घरच तपासायला घेतलं. 'वापर झाल्यावर झाकावे.' 'गरज नसताना स्क्रीन बंद ठेवावा.' 'कव्हर काढल्यावर चार घड्या घालाव्यात.' माझी बायको शोभा या पाट्या पाळते. मुलगी सुजाता त्यांचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवते.

सुजाता आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. तिने एका वाचनालयाची इमारत काढली होती आणि त्या इमारतीतून फिरवून आणणारी फिल्म सोमवारी सकाळी दहाला कॉलेजात द्यायची होती. वर्षभराची मेहनत त्यात होती. फिल्म तयार व्हायला आमचा कॉम्प्युटर सलग दीड दिवस घेणार होता. शनिवारी सकाळी लावते, रविवारी संध्याकाळी होईल, असा तिचा सरळ हिशोब. इथे मी गप्प बसायला हवं होतं.

पण मी नुकतंच ओव्हरक्लॉकिंग शिकलो होतो! म्हणजे प्रोसेसरला त्याच्या नेमून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचं. (निवृत्त माणसाला इंटरनेट देऊ नये, ते यासाठी.) मी सुजाताला सांगितलं, एका दिवसात करून देतो. तिने फक्त एकच विचारलं.

"पप्पा, जळणार नाही ना?"

"मी तपासल्याशिवाय काहीही पास करत नाही," मी म्हणालो.

आणि खरंच तपासलं. शुक्रवारी वेग थोडा वाढवला, व्होल्टेज चिमूटभर वाढवलं आणि चार तास चाचणी लावून शेजारी खुर्ची टाकून बसलो. दर पंधरा मिनिटांनी तापमान वहीत लिहिलं. आकडे अगदी शहाण्यासारखे वागले. मी कॉम्प्युटरच्या डब्यावर खडूने 'पास' लिहिलं.

शनिवारी सकाळी सुजाताने फिल्म लावली आणि पुठ्ठ्याचं मॉडेल करायला मैत्रिणीकडे गेली. मी नियमाप्रमाणे स्क्रीन बंद केला आणि आडवा झालो. तासाभराने आलो, कव्हर काढलं, चार घड्या घातल्या, स्क्रीन लावला. कॉम्प्युटर बंद पडलेला! वीज कमी पडत असणार, असं ठरवून व्होल्टेज आणखी वाढवलं, फिल्म पुन्हा लावली, स्क्रीन बंद केला आणि जेवायला गेलो.

जेवून आलो. कव्हर काढलं, चार घड्या घातल्या. कॉम्प्युटर बंद. डबा इस्त्रीसारखा तापलेला. मी वेग एक पायरी खाली आणला, पंखा पुसला, प्रोसेसर बनवणाऱ्यांच्या तपासनीसाला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले आणि फिल्म पुन्हा लावून स्क्रीन बंद केला. दुपारचा चहा घेऊन परत आलो, कव्हर काढून घड्या घालू लागलो, तर सुजाता दारात उभी होती.

"पप्पा, तुम्ही आत्ता हे काय काढलंत?"

"कव्हर."

"कशावरचं?"

मी हातातल्या कव्हराकडे पाहिलं. शोभाने जुन्या सुती साड्यांची शिवलेली, गोधडीएवढी जाड वस्तू. माझ्या तीन घड्या पूर्ण झाल्या होत्या.

शोभाला विचारलं, तर तिने शांतपणे पाटीकडे बोट दाखवलं. स्क्रीन बंद, म्हणजे वापर झाला. वापर झाला, म्हणजे झाकावे.

"अगं, पण पंख्याचा केवढा आवाज येत होता!"

"अहो, मला वाटलं तुम्ही घोरताय."

सुजाता हसली नाही. सकाळपासून फिल्म जराही पुढे सरकली नव्हती आणि तिचे डोळे भरून आले होते. मला फार लाज वाटली. मी सगळे आकडे होते तसे मूळ जागी नेले. तिने फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली. रविवारभर आम्ही तिघं आळीपाळीने त्या उघड्या डब्याजवळ बसलो. पोहेही तिथेच खाल्ले. सोमवारी सूर्य उगवायच्या आत फिल्म तयार झाली, आणि वाचनालयाच्या खिडकीतून येणारं ऊन पाहून शोभा मला म्हणाली, "इथे पाट्या लावू नका हं." तेव्हा कुठे सुजाता हसली. तिची फिल्म वर्गात सगळ्यांना आवडली.

संध्याकाळी माझ्या चष्म्याच्या डबीवर शोभाच्या अक्षरात नवी पाटी चिकटवलेली होती: 'चालू वस्तू सुधारू नये.' मी ती दोनदा वाचली. एकही चूक सापडेना, तेव्हा खाली सही करून पास केली.