सतरा नंबरची चिठ्ठी

...आगं मनाली, ते मागचं राहू दे आता. रंगनाथचं लिव. तुझ्या आजोबाचा धाकटा भाऊ गं, मखमलाबादला द्राक्षाच्या शेडवर मुकादम व्हता. सत्त्याण्णव साल आसंल. हाताखाली वीस बाया. ज्या बाईनं पेटी भरली तिनं आपल्या नंबराची चिठ्ठी पेटीत टाकायची, आशी तिथली रीत.

एक दिवस दिल्लीच्या शेठचा फोन आला, पेट्या सडल्या. चिठ्ठ्या समद्या सतरा नंबरच्या. सतरा म्हंजे नवसाबाई, हरसूलकडची.

त्या वीस बायांतली विमलाबाई लगेच रंगनाथच्या कानाशी. "मुकादम, तिच्या पिशवीत ओलं फडकं आसतं. पाणी मारती घडांवर, वजन लवकर भरतं!"

रंगनाथनं हळूच फडकं चाचपलं. ओलंच की! मालक म्हनला, "आत्ताच्या आत्ता काढ तिला." नवसाबाईचा नवरा पाय मोडून घरी बसलेला, चूल तिच्या जिवावर. 'जा' म्हणायचं रंगनाथच्या जिभेवर आलंच व्हतं. पण म्हनला, "उद्या दुपारी सांगतो. एक सकाळ बघू द्या."

"बघायचं काय त्यात? ती काय तुला सांगून पाणी मारनार हाय?" मालक फणकारला.

दुसऱ्या दिशी रंगनाथ उजाडताच कोपऱ्यात क्रेटवर बसला. नवसाबाईच्या हातावर नजर ठेवायची व्हती. ती पहिल्या जीपनं आली, साऱ्यांच्या आधी. तिनं फडकं काढलं, यानं मान पुढं केली. बाईनं चिकट कात्री पुसली अन् फडकं ठेवून दिलं. घडाला लावलंच नाय. मंग बागेतलं पहिलं क्रेट आलं, ते तिनंच ओढलं. रंगनाथनं उठून घडात बोट घातलं. थंडगार, ओलं. दव गं! मण्यांच्या मधी साचलेलं, त्यानंच पेटीत माल सडत व्हता. विमलाबाई अन् बाकीच्या आल्या ऊन वर चढल्यावर, त्यांच्या वाट्याची क्रेटं कोरडी.

अन् ट्रक लवकर सुटावा म्हणून उजाडता तोडणी लावा, हे फर्मान कुणाचं? रंगनाथचंच, हप्त्याआधी उभ्या उभ्या दिलेलं.

तो मालकाकडं गेला. "तिला काढायचं नाय. चूक माझी. दव वाळल्याबिगर कात्री लावायची नाय."

नवसाबाई एवढंच म्हनली, "मुकादम, सकाळधरनं माझ्या हाताकडं काय बघत व्हता, ते कळलं बरं का मला."

रंगनाथनं रिकामं क्रेट उचललं अन् बाहेर निघून गेला. मरेपर्यंत मला म्हणायचा, "वैनी, मालकाला चूक सांगितली, तिला नाय."

तू हरसूलच्या बाजाराला जाशील ना, तवा नवसाबाईला हे वाचून दाखव. म्हणावं, रंगनाथनं माफी मागितलीय.